कांडी नंबर दहा, अकरा, बारा

मंगळवार, १३ मे १९४१. सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी सारंगखेड्याच्या वरच्या अंगाला, तापीकाठच्या एका कापसाच्या जिनच्या आवारात नव्याने बांधलेल्या टाक्याची पश्चिमेकडची भिंत कोसळली. सतरा फूट लांबीचा भाग बाहेरच्या बाजूला पडला. त्याखाली दिवलीबाई ही मजूर बाई सापडली. दगड बाजूला करून तिला काढेपर्यंत सात वाजून गेले. तोवर ती मेली होती. वय तिशीच्या आसपास. मागे नवरा जान्या, मूल नाही.

टाके दगडी होते. लांबी चाळीस फूट, रुंदी पंचवीस, उंची नऊ. आदल्या संध्याकाळपासून इंजिन लावून नदीचे पाणी चढवले जात होते. भिंत पडली तेव्हा आत साडेसात फूट पाणी होते. आठ वाजता नारळ फुटायचा होता आणि शहाद्याहून पाहुणे यायचे होते, म्हणून जिनच्या मुनीमाने दिवलीबाईला लवकर बोलावून टाक्यासमोरची जागा झाडायला आणि सडा टाकायला सांगितले होते. निम्मी जागा झाडून झाली होती.

कामावरचे दोघे त्या वेळी हजर होते. ओव्हरसियर रतिलाल, वय एकोणतीस, ब्राह्मणपुरीच्या शेतकरी घरातला. तो पूर्वेच्या शिडीवर उभा राहून पाण्याची उंची वहीत टिपत होता. दुसरा हबीब मिस्तरी, वय एकसष्ट, शहाद्याचा. तो नारळासाठी धुतलेला सदरा घालून आला होता आणि इंजिनाच्या छपराखाली चहा पीत होता. दगड उपसायला तो सगळ्यांच्या आधी धावला. उजव्या हाताची दोन नखे त्यात गेली.

पंचनामा दहा वाजता झाला. पडलेल्या दगडांना चिकटलेला सिमेंटचा मसाला बोटांनी चुरडता येतो आणि उरलेल्या तीन भिंतींचा मसाला खिळ्यानेही निघत नाही, असे पंचांनी लिहिले. जिनच्या मालकांनी जागेवरच दोन गोष्टी सांगितल्या. दिवलीबाईचे काम भिंतीवर पाणी मारण्याचे होते, ते तिने नीट केले नसावे. आणि मिस्तरीने पश्चिमेच्या भिंतीत सिमेंट कमी घालून पोती बाहेर विकली असावीत. लढाईमुळे सिमेंट मिळेनासे झाले होते, त्यामुळे ही दुसरी गोष्ट लोकांना लगेच पटली. गुरुवारी हबीबला अटक झाली. आरोप दोन: सिमेंटची चोरी आणि हयगयीने मृत्यूस कारण.

फौजदारापुढे हबीब एवढेच बोलला, "बाई मरनी, त्यान्ही सजा जी व्हई ती व्हवो. पन माले चोर म्हनू नका."

"कोणता चोर स्वतःला चोर म्हणवतो, मिस्तरी?"

"मी म्हनी ऱ्हायनू ना, बाई मरनी म्हनीसन. ते लिखा. चोरी लिखू नका."

फौजदाराने दोन्ही लिहिले.

हबीबचे दोन मुलगे आणि दोन पुतणे त्याच धंद्यात होते. चोर ठरलेल्या मिस्तरीच्या घरच्या माणसाच्या हाती यापुढे कोणी सिमेंटचे पोते दिले नसते, आणि नवी कामे आता सिमेंटचीच निघत होती. त्याला स्वतःला या वयात कैदेची भीती नव्हती असे नाही. पण भेटायला आलेल्या थोरल्या मुलाला, सलीमला, त्याने जामिनाबद्दल एकदाही विचारले नाही. कामावर किती पोती आली आणि किती रिकामी झाली हे मुनीमाला विचार, असे तो सांगत राहिला. मुनीमाने सलीमला उभे केले नाही.

या खटल्यात एक गोष्ट नेहमीपेक्षा वेगळी होती. पडलेल्या भिंतीची रोजची नोंद अस्तित्वात होती.

रतिलाल ओव्हरसियर होण्याआधी तीन वर्षे पुण्याच्या एका प्रयोगशाळेत मदतनीस होता. खानदेशातल्या उन्हात सिमेंटचा मसाला किती पाणी गमावतो आणि त्यापायी किती आखडतो, याचे आकडे तिथल्या साहेबांना हवे होते. टाक्याचे काम निघाल्यावर त्यांनी रतिलालकडे एक लाकडी पेटी दिली. पेटीत एक लोखंडी चौकट होती आणि चौकटीच्या माथ्यावर घड्याळासारखी तबकडी. मसाल्याची दहा इंच लांब, इंचभर जाड कांडी पाडायची, दोन्ही टोकांना पितळी गुंड्या बसवायच्या आणि ती चौकटीत उभी करायची. कांडी आखडली की काटा सरके. तबकडीवरचे एक घर म्हणजे इंचाचा दहाहजारावा भाग. कांडीतून किती पाणी गेले ते सोनाराच्या तराजूवर कळे. शिवाय पितळी खिळ्यांच्या जोड्या होत्या. भिंत रचताना त्या दगडांच्या सांध्यांत पुरायच्या आणि तारा बाहेर काढून ठेवायच्या. तारांना बॅटरी जोडली की मसाला ओला असेल त्या मानाने वीज वाहे आणि दुसऱ्या एका तबकडीवरचा काटा चढे. मसाला सुकत गेला की काटा उतरे.

हवेतला ओलावा दाखवणारे यंत्रही होते. त्यात माणसाचा एक लांब केस ताणून बसवलेला असतो. दमट हवेत तो लांबतो, कोरड्या हवेत आखडतो. ३ एप्रिलला तो केस तुटला. दिवलीबाई तेव्हा भिंतीवर टाकायचे गोणपाट भिजवत होती.

"दिवलीबाई, एक केस दे ना तुन्हा," रतिलाल म्हणाला.

"केस? करनी करशी का मन्हावर, भाऊ?"

"यंत्रमा लावना शे. लांब पाहिजे आन तेल नको."

"तेल नको? मंग मन्हासारखी तुले दुसरी नही भेटाव," ती म्हणाली आणि हसत एक केस उपटून दिला. रतिलालने तो रिठ्याच्या पाण्यात धुऊन यंत्रात बसवला. यंत्र पुन्हा चालू झाले.

उत्तर, पूर्व आणि दक्षिण या तीन भिंती मार्चमध्ये झाल्या. पश्चिमेची भिंत ७ ते १० एप्रिल या चार दिवसांत रचली गेली. ७ तारखेपासून गरम झळा सुरू झाल्या. दुपारी पारा एकशे दहाच्या वर जाई. घमेल्यातला मसाला दगड बसवण्याआधीच ताठ होऊ लागला.

सिमेंट आणि रेती रतिलाल स्वतः पेटीने मोजून देत असे. पाणी मिस्तरीच्या रांजणातले असे. ते कोणी मोजत नव्हते.

शनिवारी, १७ मे रोजी हबीबला मामलेदारांपुढे उभे केले. मालकांच्या वतीने मुनीम आला होता. रतिलाल वही घेऊन हजर होता.

"मसाल्यात काय काय घातले?" मामलेदारांनी विचारले.

"सिमेंट, रेती, पाणी. आन पश्चिमनी भितमा गूयनं पाणी."

कारकुनाने मान वर केली. "कसलं पाणी?"

"गूयनं, साहेब. गूय, बेलफय आन हिरडा उकायीसन. चुनामा टाकतस तसं. मसाला हातमा ताठ व्हई जायी ऱ्हायंता. गूय टाकं का त्याले दम धरता येस."

गूळ घातला हे सांगताना त्याचा आवाज अडखळला नाही. आपण काही लपवण्यासारखे केले असे त्याला वाटतच नव्हते.

मुनीम हसला. "भिंत बांधत होतात मिस्तरी, का लापशी शिजवत होतात?"

"हसा मुनीमजी. तुमना सेठ जी विहीरनं पाणी पेतस ना, तिन्हं बांधकाम मन्हा बापनी गूयवर करेल शे. पन्नास पावसाया व्हई गयात. तिन्हामाधला एक दगड हालाडी दखाडा."

मुनीम म्हणाला, गुळाची गोष्ट ही चोरी झाकायला रचलेली आहे आणि खरे काय ते वहीत आहे. त्याने रतिलालची वही मागितली आणि पान उघडून मामलेदारांपुढे ठेवले. पश्चिमेच्या भिंतीच्या मसाल्यातून ८ एप्रिलला तीन कांड्या काढल्या होत्या: नंबर दहा, अकरा आणि बारा. दुसऱ्या दिवशी साच्यातून निघाल्या. दगडासारख्या टणक. पाणी कमी गमावले, आखडल्या कमी. बाकीच्या तीन भिंतींच्या नऊ कांड्यांहून त्या तिळभरही वाईट नव्हत्या. मग मुनीमाने सांगितले ते असे: ओव्हरसियरने मोजून दिलेला मसाला चांगला होता, हे या तीन कांड्या सांगतात. भिंतीत सापडलेला मसाला चुरा होतो. म्हणजे भिंतीत गेला तो मसाला वेगळा होता. मधले सिमेंट कुठे गेले, ते मिस्तरीने सांगावे.

या युक्तिवादात मुनीमाची चूक नव्हती. वहीतले ते पान खोटे होते.

८ एप्रिलला रतिलालने हबीबच्या घमेल्यातून मसाला घेऊन तीन साचे भरले होते हे खरे. पण ९ तारखेला कांड्या मऊ होत्या. १० तारखेलाही अंगठ्याचा ठसा उठत होता. आपणच साच्यांना तेल जास्त लावले किंवा तळाशी पाणी राहिले असणार, असा त्याने अंदाज केला. गुळाची त्याला कल्पना नव्हती. पुण्याला महिनाअखेर बारा ओळींचा तक्ता जायचा होता. १२ एप्रिलला त्याने त्या तीन कांड्या दिवलीबाईकडे टाकून द्यायला दिल्या, छपराच्या सावलीत पोत्यातले सिमेंट आणि धुतलेली रेती घेऊन, पाणी मापाने घालून तीन नव्या कांड्या पाडल्या आणि त्यांना दहा, अकरा, बारा हे नंबर दिले. तारीख ८ एप्रिल घातली. खराब नमुना टाकून चांगला पाडणे प्रयोगशाळेत रोजचे होते. मात्र तिथे तसे लिहून ठेवत. त्याने लिहिले नाही.

१७ मेला गुळाचे नाव ऐकताच त्या मऊ कांड्या का मऊ राहिल्या ते त्याला कळले. तो त्या दिवशी काही बोलला नाही.

बोलला तो हबीब. "साहेब, गूय टाकीसन कांड्या करा. मी सोता करसू, सगयासमोर. मंग रतिलालभाऊना काटा लावा. तो काटा ना मन्हा सगा शे, ना सेठना."

मामलेदारांनी परवानगी दिली. सोमवारी हबीब जामिनावर सुटला. मंगळवारी, २० मे रोजी शहाद्याच्या कचेरीच्या ओसरीत दोन पंचांसमोर सहा कांड्या पाडल्या. तीन नुसत्या सिमेंट-रेतीच्या. तीन हबीबने आपल्या हाताने, आपल्या अंदाजाचे गुळाचे पाणी घालून. गुळाचे पाणी त्याच्या बायकोने, रशिदाने, घरून उकळून पाठवले होते, एप्रिलमध्ये पाठवले होते तसेच. साचे कुलपात ठेवले. किल्ली अव्वल कारकुनाकडे. वाचन रोज सकाळी आठला.

हबीब रोज आठच्या आधी येऊन ओसरीच्या पायरीवर बसे. पहिल्या दिवशी तबकडीवरची घरे त्याला कळली नाहीत. चौथ्या दिवशी तो रतिलालच्या आधी आकडा सांगू लागला.

"सत्तावीस," तो म्हणे.

"साडेसव्वीस, चाचा."

"तुमना डोया जवान शेतस. मन्हा सत्तावीसच लिखा."

नुसत्या सिमेंटच्या कांड्या दुसऱ्या दिवशी साच्यातून निघाल्या. गुळाच्या निघाल्या नाहीत. "गूय सावकास धरस," हबीब म्हणाला. तिसऱ्या दिवशी तेच म्हणाला. सहाव्या दिवशी त्या जपून बाहेर काढाव्या लागल्या आणि तोवर भिंतीसारख्याच ओल्या गोणपाटात ठेवलेल्या सर्व कांड्या आठव्या दिवशी मोकळ्या हवेत सुकायला ठेवल्या.

याच आठवड्यात जान्या कचेरीत आला. आपल्या बायकोने पाणी मारले नाही म्हणून भिंत पडली, असे सरकारी कागदावर लिहिले आहे, हे त्याला बाजारात कोणीतरी सांगितले होते. तो ओसरीखाली उन्हात उभा राहिला. रतिलालने त्याला वर बोलावले आणि वही उघडली. भिंतीत पुरलेल्या खिळ्यांचे काटे २८ एप्रिलपर्यंत रोज चाळीस आणि पंचेचाळीसच्या मध्ये होते. त्या झळांत एक वेळ जरी पाणी चुकले असते तरी काटा तिसाच्या खाली आला असता. एकदाही आलेला नव्हता.

"मंजे ती पाणी मारत व्हती," रतिलाल म्हणाला.

"ते माले माहित शे. चार येळा मारे. खांदाले घट्टा पडना व्हता तिन्हा." जान्या वहीकडे पाहत होता. त्याला वाचता येत नव्हते. "आठे तसं लिखेल शे?"

"शे."

"मंग साहेब लोके काबर म्हनतस, नही मारं?"

जान्याने टेबलावरच्या ओलाव्याच्या यंत्राकडे बोट करून ते काय म्हणून विचारले. रतिलालने सांगितले आणि केस कुणाचा तेही सांगितले. जान्याने वाकून काचेतून तो केस पाहिला. मग म्हणाला, "हाऊ काम करी ऱ्हायना आजूक?"

"हो."

"पगार कोनले भेटस?"

त्याने हे विनोदाने विचारले की नाही, ते ओसरीवरच्या कोणालाही सांगता आले नाही. तो निघून गेला.

सुकायला लागल्यावर दोन्ही प्रकारांतला फरक आकड्यांत दिसू लागला. प्रत्येक कांडीचे वजन तीस तोळ्यांच्या आसपास होते. चौदा दिवसांत नुसत्या कांडीने दीड तोळा पाणी गमावले. गुळाच्या कांडीने तीन तोळ्यांहून जास्त. नुसती कांडी बासष्ट घरे आखडली. गुळाची एकशे नव्वद. याचा अर्थ रतिलालने कारकुनाला समजावून दिला. चांगल्या मसाल्यातले बरेचसे पाणी सिमेंट स्वतः पिऊन धरून ठेवते आणि त्यानेच घट्ट होते. धरलेले पाणी वाऱ्याला नेता येत नाही. गुळाने सिमेंटचे तोंड बांधले. त्याने पाणी प्यायलेच नाही. दिवलीबाई पाणी घालत होती तोवर भिंत ओली होती. २८ एप्रिलला पाणी मारणे थांबले आणि सगळे मोकळे पाणी वाऱ्यावर गेले. मागे रेती राहिली आणि आखडून दगडांपासून सुटली.

हबीब हे ऐकत होता. १० जूनच्या सकाळी रतिलालने गुळाची दुसरी कांडी चौकटीत उभी करायला उचलली, तेव्हा तिची पितळी गुंडी त्याच्या चिमटीत राहिली आणि कांडी टेबलावर पडली. तिचे तीन तुकडे झाले. हबीबने एक तुकडा उचलून बोटांत दाबला. त्याचा भुगा झाला.

कारकून आत गेला. ओसरीवर दोघेच होते.

"भाऊ," हबीब म्हणाला, "आठ तारीखले तुम्हीन मन्हा घमेलामाधला मसाला लिधा व्हता. माले याद शे. मीच भरी दिधा."

"हो."

"त्यामा गूय व्हता."

"हो."

"मंग तुमना वहीमाधल्या त्या तीन कांड्या दगडनागत कश्या?"

रतिलाल टेबलावरचे तुकडे गोळा करू लागला.

"इतला दिन मी आठे बशीसन काटा देखी ऱ्हायनू. काटा खोटं बोलत नही, हाई तुम्हीनच शिकाडं माले." हबीबने हातावरचा भुगा खाली झटकला. "गूय मन्हा. बाई मन्हामुये मरनी. हाई आते माले समजनं. पन चोर मी तुमना मुये व्हयनू, रतिलालभाऊ."

"चाचा, माले चार दिन द्या."

"मी कोन देनार? तारीख साहेब देस."

त्या दुपारी हबीब घरी गेला तेव्हा रशिदा चुलीपुढे होती. त्याने तिला काय झाले ते सांगितले. गूळ तीस वर्षे तिनेच उकळला होता. तिला तो सासूने शिकवला होता. तिने चुलीतले लाकूड मागे ओढले. मग तिने विचारले, "अब चूने में डालना कि नहीं?"

"चूने में डालना. सिमेंट में नहीं."

"किसी ने बताया क्यों नहीं?"

"किसी ने पूछा नहीं," हबीब म्हणाला. "मैंने भी."

दुसऱ्या दिवशी तो चालत सारंगखेड्याला गेला. जान्याची झोपडी नदीच्या बाजूला होती. हबीब दारात उभा राहिला आणि बसायच्या आधीच म्हणाला, "जान्या, तुन्ही बायको मन्हा गूयमुये मरनी. चोरीमुये नही. तिन्हं पाणी बी चुकनं नही. हाई सांगाले ऊनू."

"तू सांगं म्हनीसन ती मांगे येई का?"

"नही."

"मंग कोनले सांगाले पाहिजे? माले का साहेबले?"

"साहेबले सांगसू."

"मंग तठे जाय." जान्याने मडक्यातले पाणी लोटीत ओतून त्याच्यापुढे ठेवले. हबीब पाणी प्यायला आणि परत निघाला. दोघांची यानंतर भेट झालेली नाही.

सोमवारी, १६ जून रोजी रतिलालने मामलेदारांकडे लेखी जबाब दिला. दोन पाने. खऱ्या कांड्या मऊ होत्या, त्या आपण टाकून दिल्या, वहीतल्या दहा, अकरा, बारा या १२ एप्रिलला सावलीत पाडलेल्या आहेत, त्यांचा भिंतीशी संबंध नाही. त्यामुळे हबीबने सिमेंट काढून घेतल्याचा त्या वहीतून काहीही पुरावा होत नाही. शेवटी त्याने दोन ओळी जादा लिहिल्या होत्या: मयत दिवलीबाईने पाणी मारण्यात कसूर केली नाही, भिंतीतील काट्यांचे आकडे पाहावेत.

या जबाबाचा परिणाम त्याने धरला होता तसा झाला नाही. मालकांच्या वकिलाने १९ तारखेला तीन प्रश्न विचारले. मऊ कांड्या टाकताना कोणी पाहिले? दिवलीबाईने, ती मेली आहे. त्या कांड्या कुठे आहेत? माहीत नाही, जान्यालाही माहीत नाही. महिनाभर गप्प बसलेल्या ओव्हरसियरला मिस्तरीबरोबर रोज ओसरीवर बसू लागल्यावरच हे कसे आठवले? रतिलाल म्हणाला, आठवत होते, बोललो नाही. वकील खाली बसला.

मामलेदारांनी विचारले, "जो माणूस तीन कांड्या खोट्या लिहितो, त्याने बाकीच्या नऊ खऱ्या लिहिल्या हे मी कशावरून धरू?"

"साहेब, बाकीचं सगळं खरं आहे."

"तुम्ही सांगता म्हणून?"

वही पुराव्यातून बाजूला ठेवण्यात आली. तिच्याबरोबर भिंतीतल्या काट्यांचे आकडेही गेले. दिवलीबाईने पाणी मारले याची पुराव्यात आता एकही नोंद उरलेली नाही. मालकांचे पहिल्या दिवशीचे विधान पंचनाम्यात आहे तसे आहे. २० जूनला रतिलालला कामावरून दूर केले. हबीबवरच्या आरोपात एक शब्द वाढला: संगनमताने.

ओसरीवरच्या कांड्यांनी गूळ काय करतो ते दाखवले, एवढे मामलेदारांनी मान्य केले. पण पश्चिमेच्या भिंतीत गूळ तेवढा होता आणि सिमेंट पुरे होते, की गूळही होता आणि सिमेंटही कमी होते, हे त्या सांगू शकत नाहीत, असे त्यांनी त्या दिवशीच्या हुकमात लिहिले. हबीबने ते वाचून घेतले आणि म्हणाला, "बरोबर शे. मी बी हाईच इचारतू."

मग त्यांच्या सांगण्यावरून पडलेल्या मसाल्याची एक गोणी भरून लाखेने मोहोरबंद केली. त्यात सिमेंट किती आहे ते रासायनिक तपासणीत निघते. गोणी २४ जूनला बैलगाडीने नंदुरबार स्टेशनवर नेली आणि मुंबईच्या एका प्रयोगशाळेकडे पार्सलाने रवाना केली. सलीम गाडीबरोबर स्टेशनपर्यंत गेला होता. गोणी डब्यात चढताना त्याने पाहिली.

९ जुलैला पोच आली: एक गोणी, वजन एक मण बारा शेर, मोहोर शाबूत. २८ जुलैला स्मरणपत्र गेले. त्यावर ५ ऑगस्टला उत्तर आले की लढाईच्या कामांचे नमुने आधी तपासले जात आहेत. हा नमुना क्रमाने घेतला जाईल. तारीख सांगता येत नाही.

हबीब जामिनावर शहाद्यातच आहे. एप्रिलनंतर त्याच्याकडे किंवा त्याच्या मुलांकडे काम आलेले नाही. खटल्याची पुढची तारीख गुरुवार, २१ ऑगस्ट ही आहे. शुक्रवार, ८ ऑगस्टच्या संध्याकाळपर्यंत गोणी उघडल्याचे कळवलेले नाही.